चमचाभर जवसाचं तेल

वडिलांच्या दुखण्यात डॉक्टर म्हणाले, "तेल जरा कमी करा," आणि थोरलीनं ते पारच बंद केलं. दोन वर्षं तिनं उकडलेल्या भाज्या, साय काढलेलं दूध आणि कोरडा भात यांवर बापाला सांभाळलं. घरात तेलाचा थेंब नाही, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला मान वर करून सांगायची. वडिलांच्या कातडीचे पापुद्रे निघायला लागले, टाचेची जखम भरेना. म्हातारपण म्हणून तिनं ते सोडून दिलं.

मग धाकटी आली. दवाखान्यात रोग्यांचा आहार ठरवायची तिची नोकरी. टाच बघून ती म्हणाली, "ताई, शरीर बरीचशी चरबी स्वतःच बनवतं. पण दोन प्रकारची त्याला बनवताच येत नाही, खाण्यातूनच द्यावी लागते. ती नसली की कातडी सुकते, जखम भरत नाही. डॉक्टरांनाही विचारलंय मी."

"म्हणजे मी बापाला उपाशी मारलं?"

"असं कुठं म्हणाले मी?"

म्हणायला कशाला हवं! धाकटीनं जवसाच्या तेलाची बाटली ठेवली, रोज गार भाजीवर चमचाभर घालायला सांगितलं आणि आठवड्यानं निघून गेली. दीड-दोन महिन्यांत कातडी मऊ झाली, टाच भरत आली, नि वडील येईल त्याला सांगू लागले, "धाकटीनं वाचवलं मला." थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उष्टी-खरकटी काढायची हिनं, आणि आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या तिनं! त्याच दुपारी थोरलीनं बाटली मोरीत ओतली.

"घातलंस ना गं तेल?" वडील रोज विचारत.

"घातलं."

टाच पुन्हा चिघळली. एकदा जेवताना वडील म्हणाले, "धाकटीच्या तेलात काही राम नाही बघ. तुझ्याच हातचं मला मानवतं."

हेच ऐकायला तिनं दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. आता ऐकलं, तर तिची नजर त्यांच्या चिघळलेल्या टाचेवर गेली. ताट तसंच ठेवून तिनं धाकटीला फोन लावला.

"काय गं, तेल संपलं?"

"मी ओतून दिलं. मोरीत."

धाकटी म्हणाली, "आता तू आण. आणि बाबांना सांग, हे वेगळं आहे, तू शोधलंस."

यातही मोठेपणा धाकटीनंच लाटला, म्हणून थोरली जळफळली. मग चपला घालून तेल आणायला निघाली.