चार बोटं बाहेर

कियोएने चटईचं टोक नव्या गाडीच्या मागच्या दारातून आत घातलं, गुडघ्याने रेटा दिला आणि चटई पुढच्या सीटच्या पाठीला टेकून थांबली. चार बोटं बाहेर राहिली. तिने वरचं दार खाली ओढून पाहिलं. ते चटईच्या कापडी कडेवर जाऊन बसलं आणि पुढे यायचं नाव घेईना. तिने दार सोडून दिलं आणि बाजूला झाली.

"तिरकी घाल ना, ताई," तोमोहिसा म्हणाला.

हा तिचा धाकटा भाऊ. नागोयात नोकरीला. गाडी घरी येणार म्हणून खास रजा काढून आला होता. गाडी त्यानेच पसंत केली होती, त्यामुळे सकाळपासून अंगणात जावयासारखा मिरवत होता. त्याच्या शेजारी शोरूमचा शिराई उभा होता, पांढरे हातमोजे घालून, मिठाईचा खोका काखेत धरून. पंचांगात शुभ दिवस बघून गाडी आणली होती. गाडीपुढे सगळ्यांचा एक फोटो काढायचा, कियोएच्या बापाकडून कागदावर सहीच्या जागी आडनावाचा शिक्का घ्यायचा आणि जुनी गाडी घेऊन परत जायचं, एवढंच त्याचं काम उरलं होतं.

तातामीची चटई काही गुंडाळून काखेत मारायची वस्तू नाही. आत पेंढा ठासून भरलेला, वर लव्हाळ्याची वीण, वजन तीस किलो. तिरकी घातली तर एकच मावणार आणि तिचाही कोपरा चेपणार. कोपरा चेपलेली चटई जमिनीवर कधीच नीट बसत नाही. हे तोमोला सांगायची वेळ यावी याचीच कियोएला चीड आली. ज्या घरात तो रांगायला शिकला, त्या घरात दुसरं होतं काय?

शिराईने नम्रपणे सुचवलं की दार अर्धवट उघडं ठेवून दोरीने बांधता येईल, बरेच ग्राहक तसं करतात. आणि पावसाचं काय, ते त्याने सांगितलं नाही.

"तोमो, मोजलं होतंस ना?" कियोएने विचारलं.

मोजलं होतं म्हणे. एकदा नाही, दोनदा. आपल्या घरातल्या चटईला टेप लावून एकशे ब्याऐंशी सेंटीमीटर मोजले होते. मागची सीट दुमडली की गाडीत एकशे त्र्याऐंशीची जागा. एक सेंटीमीटर हाताशी ठेवून हिशेब केला होता, असं तो अजूनही अभिमानाने सांगत होता.

"कुठल्या घरातल्या?"

"माझ्या. नागोयाच्या." आणि मग त्याचा आवाज उतरला. "चटई ती चटईच ना?"

कियोएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नागोयाची चटई एकशे ब्याऐंशीची. इकडे बिवा तलावाच्या काठाला, क्योतोपर्यंत, चटई एकशे एक्याण्णवची. या भागातलं शाळकरी पोरही घर बदलताना हे विचारतं. आणि तातामीवाल्याचा मुलगा नागोयात फ्लॅटमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. बाबांना दवाखान्यात न्यायला मऊ सीट हवी, आपोआप सरकणारं दार हवं, खिडक्यांना काळी काच हवी. सगळं हवं होतं. चटईचा विचार त्याने केला होता, नाही असं नाही. दुसऱ्या गावच्या चटईचा केला होता.

"एखादा टेम्पो भाड्याने घेऊ गं. मी बघतो," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सकाळी गिऱ्हाइकाच्या घरून जुन्या चटया उचलायच्या, दिवसभर बसून नवं लव्हाळं चढवायचं आणि दिवेलागणीच्या आत परत नेऊन पसरायच्या, कारण रात्री त्याच जमिनीवर माणसांना अंथरूण घालायचं असतं. हा धंदा असा चालतो. रोज दोन फेऱ्या. रोजच्या फेऱ्यांना भाड्याचा टेम्पो लावणारा तातामीवाला तिने अजून पाहिला नव्हता.

आणि आत्ता तर देवळाचं काम हातात होतं. चौपन्न चटया, सतराव्या तारखेच्या हिगानच्या, पितरांच्या पूजेआधी पोचवायच्या. गेल्या शरदात देवळाचे मोठे भिक्खू स्वतः दारात आले होते आणि म्हणाले होते, यंदाचं काम कियोएसानच्या हातचं हवं. तिच्या या कामाच्या अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी दुकानाचं नाही, बाबांचं नाही, तिचं नाव घेऊन काम दिलं होतं. एकतीस चटया भिंतीला लागून तयार उभ्या होत्या. आज चार मार्च. जुन्या गाडीच्या पासिंगची मुदत बारा मार्चला संपत होती, आणि ती गाडी तर शिराई आत्ताच घेऊन जाणार होता. चटया पोचल्या नाहीत तर देऊळ मशीनवाल्या कारखान्याकडे जाईल, आणि देऊळ गेलं की गावही जाईल. मग दाराला कुलूप लावायचं आणि चावी देवापुढे ठेवायची.

"जुन्या गाडीची चावी, ताईसाहेब?" शिराईने दोन्ही हात पुढे केले.

चावी तिच्या एप्रनच्या खिशात होती. तिने खिशावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. शिराईचे हात थोडा वेळ हवेत राहिले आणि मग त्याने ते मिठाईच्या खोक्याकडे नेले.

त्याच्यावरही तिचा राग होताच. जानेवारीत, तोमो नव्या वर्षाला आला होता तेव्हा, हाच माणूस कॅटलॉग घेऊन बैठकीत येऊन बसला होता. दोन तास बाबांशी आणि तोमोशी बोलला. इंजिन, सीटा, सवलती. दोन तासांत तिच्याकडे वळून त्याने एकच प्रश्न विचारला, ताईसाहेबांना रंग कुठला आवडेल? गाडी चालवणार ती. भरणार ती. धुणार ती. बाबांनी तर गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या कुंपणाला गाडी घासल्यावर लायसन्स पोलीस चौकीत परत केलं होतं. आणि तिला विचारलं काय, तर रंग. पांढरा, असं ती म्हणाली होती आणि चहाचे कप उचलून आत गेली होती.

तोमो अजून काहीबाही बोलत होता. चूक झाली, मान्य, पण इतकं काय त्यात, माणसाकडून होतं. कियोए ऐकत नव्हती. एक गोष्ट तिच्या मनात आत्ता कुठे येऊन बसली होती आणि ती हलत नव्हती. तोमो मूर्ख होता हे जुनंच होतं. पण त्या दिवशी बाबा तिथे होते.

तिने मागे वळून पाहिलं. तिचा बाप, ऐंशी वर्षांचा कानेकिची ओकुमुरा, कामाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होता, हात पाठीमागे बांधून. सकाळपासून त्याने एक शब्द काढला नव्हता. हा माणूस परक्या घरात शिरला तर पायताण काढता काढता सांगायचा की आतल्या खोलीत तिसरी चटई एका काडीने आखूड आहे. टेप त्याने फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी बाळगली होती. आणि जानेवारीत तो शोरूममध्ये जाऊन या गाडीत बसून आला होता. मागची सीट दुमडून घेऊन आत हात फिरवून आला होता.

ती चालत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला माहीत होतं."

म्हाताऱ्याने गाडीकडे पाहिलं, मग चटईच्या बाहेर राहिलेल्या टोकाकडे.

"होतं," तो म्हणाला.

तोमोच्या तोंडून "काय?" असं निघालं. शिराईने पायांजवळच्या खडीत काही तरी शोधायला घेतलं.

"माहीत असून घेऊ दिलीत."

"हो."

"म्हणजे दुकान बंद करायचं ठरवलंत. मला न सांगता. एक गाडी आणून ठेवलीत दारात, की बस बाई, आता थांब. तोंडाने सांगवलं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं तोमोच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

म्हाताऱ्याने पाठीमागचे हात पुढे आणले आणि एकमेकांवर चोळले. बोटं सुईने आणि सुताने वाकडी झालेली होती. कियोएची अजून तितकी झाली नव्हती, पण त्याच वाटेवर होती.

"तूही पाहिलं होतंस," तो म्हणाला.

"काय पाहिलं?"

"त्या दिवशी कॅटलॉगवर चहा सांडला. तू फडकं घेऊन आलीस. पुसता पुसता तुझा हात आकड्यावर थांबला. एकशे त्र्याऐंशी. मी बघत होतो. म्हटलं, आता बोलेल. तू पान पुसलंस आणि कप उचललेस. मी तीन आठवडे थांबलो, कियो. करार करायच्या दिवसापर्यंत. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, कंटाळली असेल. सुटका हवी असेल आणि बापाला सांगवत नसेल. म्हटलं, तिला सांगायला नको लावायला."

कियोएने खिशातली चावी एकदा चाचपली.

ते खरं होतं. तिने पाहिलं होतं. आकडा डोळ्यांना टोचला होता, आणि त्याच क्षणी तिच्या मनात आलं होतं, विचारलं असतं तर सांगितलं असतं. रंग विचारता ना? घ्या रंग. पांढरा घ्या आणि बसा. आणि स्वयंपाकघरात येऊन तिने कप इतके आपटून धुतले होते की एकाचा कान तुटला होता. त्यानंतर तीन आठवडे रोज रात्रीच्या जेवणाला बाप आणि लेक समोरासमोर बसत होते, मिसोचं सूप पीत होते, तिखट मुळा चावत होते, आणि दोघंही मूग गिळून. तो वाट बघत होता ती बोलेल म्हणून. ती वाट बघत होती तो विचारेल म्हणून. आणि मग करार झाला आणि तिकडे कारखान्यात गाडी तयार व्हायला लागली. या घरात न बोलताच सगळं कळतं, असं आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. काय कळलं? डोंबल कळलं.

"मला कंटाळा आला नव्हता," ती म्हणाली. "मला राग आला होता."

म्हाताऱ्याने मान वर केली.

"राग?"

"राग. अठ्ठावीस वर्षांचा. कुठलं लव्हाळं आणायचं, ते तुम्ही ठरवलं. कुठलं गिऱ्हाईक सोडायचं, ते तुम्ही ठरवलं. आणि आता मी दमले हेही तुम्हीच ठरवलंत. देवळाच्या चौपन्न चटया मी घेतल्या त्या दमले म्हणून घेतल्या का?"

"मग बोलायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतंत."

तोमो मध्ये पडायला आला, जाऊ दे ताई, झालं ते झालं, असं काही तरी म्हणत. तिने त्याला हाताने थांबवलं, त्याच्याकडे न बघता.

"आत्ता विचारा," ती बापाला म्हणाली.

"काय?"

"गाडी कुठली घ्यायची ते. या दोघांसमोर विचारा."

कानेकिची ओकुमुराने आयुष्यात गिऱ्हाइकाला विचारलं होतं, देवळाच्या भिक्खूंना विचारलं होतं, बायकोला मरायच्या आदल्या दिवशी काय खाणार म्हणून विचारलं होतं. या मुलीला काही विचारल्याचं त्याला आठवत नसावं, कारण शब्द कुठून काढायचे ते त्याला कळेना. शिराई आणि तोमो समोर उभे होते. रस्त्यावरून टपाल्याची स्कूटर गेली तरी तो तसाच उभा होता. कियोएने त्याला मदत केली नाही.

"कुठली," तो शेवटी म्हणाला. "कुठली घ्यायची, कियो?"

"साधी मालवाहू. मागे सीट नको, नुसता पत्रा हवा. ती येईपर्यंत जुन्या गाडीचं पासिंग करून आणायचं. ती आज इथून जाणार नाही." मग ती शिराईकडे वळली. "फॉर्म आणलाय?"

शिराईकडे फॉर्म नेहमीच असायचा. त्याने तो पिशवीतून काढला, मिठाईचा खोका खडीवर ठेवला आणि अंगवळणी पडल्याप्रमाणे कागद म्हाताऱ्याच्या दिशेने धरला. म्हाताऱ्याने तो घेतला नाही. शिराईने कान लाल करून कागद फिरवला, मालकाचं नाव विचारलं, कियोए ओकुमुरा असं लिहून घेतलं, आणि खाली बोट दाखवून म्हणाला की इथे शिक्का लागेल.

नव्या गाडीच्या कागदासाठी बापाने शिक्का सकाळपासून खिशात आणून ठेवला होता. हस्तिदंती, त्याच्या बापाचा. तो त्याने पुढे केला.

"हाच घे. नाव तेच आहे."

खरंच तेच होतं. शिक्क्यावर नुसतं आडनाव, ओकुमुरा. कागदाला काय कळणार होतं कोणाच्या हातचा ते.

कियोए घरात गेली. तिघं अंगणात उभे राहिले, मधोमध ती पांढरी गाडी, मागचं दार उघडं, चटई चार बोटं बाहेर. आतून खण उघडल्याचा आवाज आला, मग दुसरा खण, मग तिसरा.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत दारात ठेवायचा प्लास्टिकचा शिक्का होता, पार्सलवाला आला की त्याच्या पावतीवर उठवायचा. आयुष्यात तेवढ्याच कागदांवर तिने शिक्का मारला होता.

"हा चालेल?"

"चालेल," शिराई म्हणाला. "याला कुठलाही चालतो."

तिने कागद नव्या गाडीच्या बॉनेटवर पसरला. शिराईने घाईने सांगितलं की इथे नको, खाली खूण पडेल, मी पाटी देतो.

कियोएने दोन्ही हातांनी जोर लावून शिक्का उठवला.