आईच्या खोलीचा कॉक

आईच्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हाच हेरानच्या तळपायांना कळलं होतं. तरी तिने सवयीने वाकून गादीखाली हात सरकवला. जेचॉनच्या थंडीत घरांची जमीन खालून तापवलेली असते; कुणाच्याही घरी गेलं की माणूस आधी हात गादीखाली घालतो, जमिनीची ऊब घेतो आणि मग बोलायला बसतो. गादीखालची जमीन उघड्या अंगणासारखी गार होती.

आईने कानटोपी घातली होती आणि पायात मोज्यांचे दोन जोड. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती या गादीवरून हलली नव्हती. बसमध्ये जागा मिळाली का, वाटेत बर्फ होतं का, सगळं विचारून झालं. जमिनीचं नाव तिने काढलं नाही.

हेरान उठून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालचं दार उघडून गुडघ्यांवर बसली. बाल्कनीतला एकच बॉयलर नळाला गरम पाणी द्यायचा आणि जमिनीखालच्या नळ्याही तापवायचा. त्या नळ्या ओट्याखालून खोल्यांकडे वळत. चार नळ्या, चार कॉक. तीन नळीच्या रेषेत होते, म्हणजे उघडे. चौथा आडवा होता. त्याच्यावरच्या चिकटपट्टीवर दादाने सुबक अक्षरात 'आई' असं लिहिलं होतं.

जंगिमवहिनी शेगडीपाशी बाळंतिणीसाठी समुद्रशेवाळाचं सूप ढवळत होती. तिची धाकटी लेक बोरा बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ पंधरा दिवसांचं होतं.

"वहिनी, हा बंद का आहे?"

"मी केलाय म्हणून," वहिनी म्हणाली. मग शांतपणे तिने सांगितलं की बॉयलर जुना झालाय, उणे पंधरा अंशांत चारही उघडे ठेवले तर एक खोली धड तापत नाही. एक बंद ठेवावाच लागतो.

हेरानने बैठकीचा बंद करा म्हटलं. बैठकीत बाळाचे कपडे वाळतात, वहिनी म्हणाली. तुमच्या खोलीचा करा म्हटलं, त्यावर वहिनी नुसती हसली. मग हेरानने काही न विचारता हात घातला आणि आईचा कॉक फिरवून रेषेत आणला.

वहिनीने तिला अडवलं नाही. सुपावर झाकण ठेवलं, बाह्या वर सारल्या आणि गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला. घासायला भांडं एकही नव्हतं. वाफाळत्या धारेखाली दोन्ही मनगटं धरून ती उभी राहिली.

नळ चालू असला की तो बॉयलर जमिनीला पाणी सोडत नाही, सगळी आच नळाला देतो. हे हेरानलाही ठाऊक होतं.

"किती वेळ उभ्या राहणार?"

"तुमची बस किती वाजताची?"

"चार चाळीसची."

"मग तेवढा वेळ."

"बोराची खोलीपण गार होईल."

"तिची जमीन पंधरा दिवस तापलीय, वन्सं. दोन तासांनी तिला काही होत नाही. गार जमिनीला मात्र पहिली ऊब धरायला अख्खा दिवस लागतो. मला विचारा."

नळाच्या आवाजात तिचा आवाज चढला नाही. बोरा झाली त्या नोव्हेंबरात घरात नवाकोरा तेलाचा बॉयलर होता, ती म्हणाली. तरी तुमच्या आईने माझा कॉक आडवा केला. दुसरीही मुलगीच, हिला कसली ऊब, असं शेजारणीला सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने. एकवीस दिवस बाळंतिणीने गारठ्यात पाय ठेवायचा नसतो. मी एकवीस दिवस गारठ्यात झोपले. तेव्हापासून थंडी पडली की ही मनगटं अशी पाण्याखाली धरावी लागतात.

"मला माहीत नव्हतं," हेरान म्हणाली.

"तुमची परीक्षा होती. तुमची खोली तापायला हवी होती. अनवाणी बसून अभ्यास करायचात तुम्ही. सुपाचा वाडगा न्यायला एकदा माझ्या खोलीत आलात आणि लगेच पाय उचललेत. माहीत नव्हतं कसं?"

हेरान ओट्याखालच्या अंधाराकडे बघत राहिली. तो वाडगा तिला आठवत नव्हता. पाय उचललेले आठवत होते.

"म्हातारीला शिक्षा करताय."

"करतेय. भरवते, धुते, कूस बदलून देते आणि शिक्षाही करते. तुम्ही यातलं काय करता?" वहिनीने मनगटं उलटी केली. "तुमच्या सोलच्या घरी जमीन गरम असेल ना? न्या की आजच."

"चौथा मजला आहे. लिफ्ट नाही."

"मी येते बसने. पाठीवर घेऊन चार मजले चढवून देते. पुढचं तुम्ही बघा."

पाणी वाहत होतं. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली होती. पलीकडच्या खोलीत बाळ जरासं कुरकुरलं आणि निजलं. हेरानने तोंड उघडलं. नोकरी, रात्रपाळ्या, अरुंद न्हाणीघर, सगळं जिभेवर आलं. वहिनी मान कलती करून खरंच ऐकायला थांबली होती.

हेरानने पुन्हा ओट्याखाली हात घातला. नळ सुटण्याआधी आलेल्या पाण्याने कॉक थोडा कोमट झाला होता. तिने तो आडवा केला.

वहिनीने लगेच नळ बंद केला. हात पुसले, डबा काढला आणि प्रवासात बरं पडेल म्हणून सूप भरून दिलं.

निघताना हेरान कोट घालून आईच्या गादीशी बसली. आईने पांघरुणातून हात काढून तिचा हात धरला.

"काय करत होतीस गं इतका वेळ तिथे?"

"काही नाही. तुझा कॉक बंद राहिला होता चुकून. उघडला."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग जमिनीवर पंजा टेकवला आणि तसाच ठेवला.

"तरीच," ती म्हणाली. "केव्हाची ऊब लागतेय."