पुजलेली तलवार

समरजीतनं युनिव्हर्सिटीत फेन्सिंग, म्हणजे तलवारबाजी, सुरू केलं, तेव्हा जयेंद्रगंजच्या घरात सगळ्यात जास्त आनंद त्याच्या आजोबांना, महिपतरावांना झाला. सरदारांचं घराणं, आणि समरजीतच्या वडिलांनी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलेलं. तेव्हापासून आबा मुलाशी कामापुरतंच बोलत. नातवाला मात्र आता रोज सकाळी हाक मारू लागले, "या सरदार, चहा घ्या."

दसऱ्याला त्यांनी त्याची खेळातली तलवार मागून घेतली. खरं तर ती टोकाला बटण असलेली लवचीक सळईच. बटण समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की यंत्राचा दिवा लागायचा. आबांनी शस्त्रपूजेत तिला तेल चोपडलं, टोकाला हळदकुंकू भरभरून लावलं. समरजीतनं भक्तिभावानं हात जोडले.

दुसऱ्या दिवशी टीमची निवड होती. वार बसल्यासारखे वाटत, पण दिवा काही लागेना. आपलाच हात कच्चा, असं समजून तो गप्प खेळत राहिला आणि हरला. मग कोचनं टोक उघडून बघितलं, तर आत लाल चिखल.

"ये क्या भर लाया, यार?"

पोरं खदखदून हसली. समरजीतनं आबांचं नाव काढलं नाही.

घरी आबा दारातच उभे होते. "काय, जिंकलास?"

"नाही आबा. हात कच्चा पडला."

"शेवटी बापावरच गेलास," म्हणत आबा आत वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही.