पाठीच्या उंचीचे कट्टे

खोटं बोलावं माणसाने, पण निदान जपून बोलावं. मेलितोनला तेवढंही जमलं नाही. माचू पिचूची वाट त्याच्या पायाखालची. पाहुण्यांचे तंबू, भांडी, गॅसची टाकी पाठीवर घेऊन तो कित्येक वर्षं ती चढत-उतरत आला होता. पण खुद्द माचू पिचू त्याने कधी पाहिलंच नव्हतं. शेवटच्या मुक्कामावरून पहाटे पाहुणे वरच्या वाटेने अवशेष पाहायला जातात आणि हमाल तंबू गुंडाळून खालच्या वाटेने रेल्वे गाठायला पळतात. गाडी चुकली की त्या दिवशी घर नाही.

पण रुफिना लहान होती तेव्हा बाप घरी आला की गळ्यात पडायची. "तायता, कसं आहे रे ते? सांग ना!" ज्याच्यासाठी दिवसचे दिवस मर मर मरायचं तेच पाहिलं नाही, हे लेकीला कुठल्या तोंडाने सांगणार? मेलितोनने तिला शहर बांधून दिलं. हमालाने बांधलेलं शहर ते! पायऱ्या ठेंगण्या, जागोजागी पाण्याची धार, आणि प्रत्येक भिंतीला पाठीच्या उंचीवर दगडी कट्टा, दोर न सोडता ओझं टेकवता यावं म्हणून. गंमत म्हणजे गावातल्या प्रत्येक हमालाने आपापल्या घरी असंच एकेक शहर बांधलं होतं आणि कोणी कोणाचं पाडत नव्हतं. बाया हमालीला जात नव्हत्या तोवर हे सगळं बिनबोभाट चाललं.

यंदा रुफिना हमाल म्हणून बापाच्याच तुकडीत आली.

"झालं कल्याण," सिप्रियान म्हणाला. हा मेलितोनचा मेव्हणा, त्याच तुकडीतला. "दाजी, तुमचं बिंग फुटलं की आमचंही फुटलं. मी बायकोला सोन्याचा दरवाजा सांगितलाय."

"सोन्याचा? अरे, काही लाजबीज?"

"तुमचे कट्टे चालतात, आमचा दरवाजा तेवढा चालत नाही व्हय?"

रुफिना मात्र झपाझप चालत होती. मेलेल्या बाईच्या खिंडीत, वाटेवरच्या सगळ्यात उंच जागी, भले भले धापा टाकतात, ही सगळ्यांच्या आधी वर पोचून उभी. रिवाजाप्रमाणे डोंगराला वाहायला खालून आणलेला दगड तिने तिथल्या दगडांच्या राशीवर ठेवला. मेलितोननेही ठेवला, कोकाची तीन पानं जुळवून डोंगराकडे फुंकर घातली आणि मनात म्हणाला, पोरीसमोर माझी लाज राख बाबा, बाकी काही मागत नाही. डोंगराला अशी मागणी करताना त्याला स्वतःचीच शरम वाटली.

शेवटच्या मुक्कामावर उजाडायच्या आत पाहुणे निघून गेले. मेलितोनने घसा खाकरला.

"रुफिना, तू मामाबरोबर खाली हो. मला पाहुण्यांमागून वर जायचंय. नेहमीचंच आहे."

"गॅसची टाकी घेऊन?" रुफिनाने विचारलं.

सगळे हमाल एकदम आपापल्या गाठी तपासायला लागले. सिप्रियानला तर खोकल्याची उबळच आली.

"चल, तायता," रुफिना म्हणाली. "गाडी चुकेल."

उतारावर ती बापाच्या पुढे चालत होती. मग मागे न बघताच बोलली, "कट्टे नाहीयेत तिथे."

"कुठले कट्टे?"

"तुझे. शाळेने नेलं होतं आम्हाला. तू तेव्हा डोंगरावर होतास. मी एकेक भिंत चाचपून पाहिली. बाई ओरडल्या, पोरं फिदीफिदी हसली."

मेलितोनचा पाय अडखळला. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, बये?"

"बोलणारच होते! असली चिडले होते तुझ्यावर. पण आई म्हणाली, गप्प बस. लोकांची ओझी वाहून दमतो, टेकवायला त्याला तेवढीच जागा आहे. राहू दे."

"म्हणजे तिलाही ठाऊक आहे?"

"सगळ्याच बायांना ठाऊक आहे."

पुढे चाललेला सिप्रियान जागच्या जागी थांबला. "सगळ्या? अन् माझा दरवाजा?"

"त्याला तर मामीच सगळ्यात जास्त हसते, मामा."

मेलितोनला रडू फुटलं. दोन्ही हात दोराला, डोळे पुसायचीही सोय नव्हती. लाज वाटत होती आणि मोकळंही वाटत होतं. रुफिना त्याच्या बाजूला आली.

"आता खरं कसं आहे ते मी सांगते. ऐकत चल. पायऱ्या उंच आहेत, गुडघे बोलतात. पण पाण्याची धार आहे हं, ती तू बरोबर सांगितली होतीस."

स्टेशन येईपर्यंत ती सांगत राहिली आणि तो मध्ये मध्ये विचारत राहिला.

संध्याकाळी घरी फाउस्तिनाने दोघांना बटाट्याचं सूप वाढलं आणि नेहमीसारखं नवऱ्याला विचारलं, "मग, या खेपेला कसं होतं?"

मेलितोनने चमचा खाली ठेवला. "कट्टे नाहीत. मी कधी पाहिलंच नाही ते, फाउस्तिना."

"माहितीये," ती म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात आणखी एक बटाटा टाकला. "तरी सांग. जेवताना ऐकायची सवय झालीये मला."