धाकटीचं पाकीट

"म्हणजे माझं मशीन गेलं म्हणायचं का?" निवृत्त नर्सबाईंनी विचारलं. सगळी नोकरी वॉर्डात गेल्यामुळे असले प्रश्न त्या आवाज न चढवता विचारत.

"मशीन ठणठणीत आहे, ताई," दुरुस्तीवाला म्हणाला. "आतली सिस्टिम म्हातारी झालीय. बनवणाऱ्यांनीच तिच्यावरचं काम थांबवलं, म्हणून तुमची मेल उघडत नाही. आपण दुसरी घालू. फुकट असते."

"सून म्हणते, फुकटच्या वस्तूत काही राम नसतो. नवीनच घ्या."

"सोळा वर्षं चालली ना? मग अजून किती राम हवा?"

नर्सबाई हसल्या आणि पिशवीत हात घालून म्हणाल्या, "ह्यांनी स्वतः घातली होती. त्याची डिस्क जपून ठेवलीय मी. लागली तर असू द्या म्हणून आणली."

त्यांनी टेबलावर एक कागदी पाकीट ठेवलं. पिवळं पडलेलं, घड्यांवर झिजलेलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं: 'धाकटी. दिसायला साधी, कामाला चोख. जुन्या मशीनवर हीच घालावी. आधी आपले कागद-फोटो दुसरीकडे ठेवा, मग पुढे जा. घाबरू नका. अडलं तर फोन करा.'

दुरुस्तीवाल्याने पाकिटाला हात लावला नाही. अक्षर त्याच्या बायकोचं होतं.

एके काळी त्याला सगळे डिस्कवाला म्हणत. इंटरनेट गोगलगाईच्या चालीने चालायचं ते दिवस. फुकटच्या सिस्टिम उतरवून घेणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं, तेव्हा हा त्या डिस्कवर भरून मागेल त्याला द्यायचा. कुठली घेऊ, असं कुणी विचारलं की याची टकळी सुरू व्हायची आणि ऐकणारा घड्याळाकडे बघू लागायचा. शेवटी बायकोने सूत्रं हातात घेतली. सिस्टिमची खरी नावं आणि आकडे तिने कधी लक्षात ठेवले नाहीत. त्याच्याकडच्या तीन मुख्य सिस्टिमना तिने तीन बहिणी करून टाकलं. थोरली देखणी, पण तिचा थाट सांभाळायला दणकट मशीन हवं. मधलीचं कुणाशीही पटतं; दुसऱ्या घरातून आलेल्या माणसालाही ती परकं वाटू देत नाही. आणि धाकटी ही अशी. साध्या कागदाला घड्या घालून ती पाकिटं करायची, प्रत्येकावर हाताने लिहायची आणि घरचा फोनही तीच उचलायची. याच्या तासाभराच्या व्याख्यानाने जे होत नसे, ते तिच्या दोन ओळींनी व्हायचं. हे तो चारचौघांत कबूल करत नसे, एवढंच.

ती जाऊन चार वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने दुकानाची साफसफाई केली तेव्हा डिस्कची तीन पोती भंगारात दिली. आवृत्ती जुनी झाली की डिस्क टाकायची, हा त्याच्या धंद्यातला नियम होता, आणि नियमाप्रमाणे त्याने पाकिटांसकट पोती उचलून दिली. त्याचं सगळं लक्ष डिस्कवर. पाकिटं आठवली तेव्हा गाडी केव्हाच निघून गेली होती. घरी येऊन त्याने कपाटं पालथी घातली. पण ती काही पत्रं लिहिणारी बाई नव्हती. सामानाच्या याद्यासुद्धा तिच्या तोंडपाठ असत. तिच्या अक्षरातली एक ओळ त्याला सापडली नाही. माणूस गेलं ते देवाने नेलं, अक्षर मात्र आपण आपल्या हातांनी भंगारात घातलं, ही बोच त्याने कुणाला सांगितली नव्हती.

आता ते अक्षर समोर होतं, आणि ते दुसऱ्या बाईच्या नवऱ्याची आठवण होऊन आलं होतं. मागायचं कुठल्या तोंडाने?

तो कामाला लागला. नर्सबाईंचे फोटो आणि पत्रं दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवली. मग मशीनला पेनड्राइव्ह लावून, आतलं काही न पुसता, त्याने एकेक सिस्टिम नुसती चालवून दाखवली.

थोरली आली ती झोकात, पण पत्र उघडायला सांगितलं तर गोल चक्र फिरत बसलं.

"हिला ओपीडीत बसवू नका," नर्सबाई म्हणाल्या. "रांग दारापर्यंत जाईल."

दुसरी एक अगदी हलकी सिस्टिम लावली. झटक्यात उघडली, पण अक्षरं मुंगीएवढी. मोठी करायला गेलं तर बटणं पडद्याबाहेर जात.

"आणि धाकटीच नाही का मिळणार?"

"नाही, ताई. ती आता संपली."

नर्सबाईंनी मान हलवली. असं वाक्य त्यांनी स्वतः किती जणांना सांगितलं असेल. मग त्याने मधलीचा नवा अवतार लावला. अक्षरं मोठी झाली, बहिणीला लिहिलेलं जुनं पत्र उघडलं, पत्त्यांचा डावही निघाला.

"हिच्याशी जमेल माझं," त्या म्हणाल्या.

मधली बसवून झाली तेव्हा शेवटचं काम उरलं: दुकानातला स्कॅनर-प्रिंटर जोडून कागदाची प्रत निघते का बघणं. तो ड्रॉवरमध्ये एखादा छापील कागद मिळतोय का शोधू लागला.

"हे ठेवा की," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी पाकिटातली डिस्क काढली आणि घड्या उलगडून कागद सपाट केला.

"जुना कागद आहे, ताई. फाटायचा."

"भाऊ, तुम्ही मघापासून मशीनकडे कमी आणि याच्याकडे जास्त बघताय. कुणाचं अक्षर आहे?"

"बायकोचं," तो म्हणाला. "माझ्याकडे तिचं काहीच उरलेलं नाही."

नर्सबाईंनी कागद स्वतः काचेवर ठेवला आणि झाकण लावलं.

प्रत बाहेर आली. निळी शाई काळी झाली होती, पण वळण तेच होतं. आणि घड्या उलगडल्यामुळे पाकिटाची मागची बाजूही प्रतीत उतरली होती; ती त्याला आता दिसली. तिथे बारीक, तिरप्या अक्षरात नर्सबाईंच्या नवऱ्याने लिहिलं होतं: 'पहिल्यांदा फसलो. फोन केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, आधी पाणी प्या, मग सांगा पडद्यावर काय दिसतंय. दुसऱ्या खेपेला जमलं.'

हे ती रोज दहा जणांना म्हणायची. तो मागे बसून ऐकायचा आणि मनात म्हणायचा, हा काय तांत्रिक सल्ला झाला? त्याला पुढची अक्षरं दिसेनात. तो कागद हातात धरून उभा राहिला.

नर्सबाईंनी टेबलावरचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"आधी पाणी प्या," त्या म्हणाल्या.

तो प्यायला. नर्सबाईंनी आपला कागद पुन्हा घड्यांवर दुमडून डिस्क आत घातली आणि पिशवीत ठेवला. त्या गेल्यावर त्याने प्रत टेबलावर पसरली, कडा नीट कापल्या आणि बायको घालायची तशाच घड्या घातल्या. दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा बसल्या. आत ठेवायला डिस्क नव्हती. पूर्वी धाकटी जिथे असायची त्या खणात त्याने ते रिकामं पाकीट उभं करून ठेवलं.