तळ सुटलेला बोया

त्या रविवारी पोहायला शिकवणाऱ्या विपुलसरांना मिळणार होतं ते एवढंच: बोयाचा लोखंडी नांगर किहीमच्या वाळूवरून पाण्यापर्यंत ओढायचा त्रास वाचणार होता. मित्रांनो, मी एक जुना बोया आहे. नारिंगी, हवा भरलेला, माणसाच्या कमरेएवढा. ट्रायथलॉनमध्ये आधी पोहायचं, मग सायकल, मग धावणं. पोहणाऱ्यांनी कुठून वळायचं, ते मी दाखवतो. कारखान्यात माझे जोड चिकटले तेव्हापासून मला एकच काम येतं, जागेवर राहणं. तेही माझ्या हातात नाही, खालच्या नांगराच्या हातात.

शर्यतींत दमलेल्यांनी मला मिठ्या मारल्या, माझ्यासोबत फोटो काढले. पावसाळ्यात मात्र सरांच्या शेडमध्ये उंदीर सोडून कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी नुसता सराव होता, म्हणून सरांनी मला नांगराऐवजी वाळू भरलेल्या खताच्या गोणीला बांधलं. "बोयावर नजर ठेवायची, हात लावायचा आणि वळायचं. मध्ये थांबायचं नाही," ते म्हणाले आणि किनाऱ्यावर शिट्टी घेऊन उभे राहिले.

सरावाला आलेल्यांत सगळ्यांत पुढे होता शुभम, चोंढीच्या ट्रकवाल्याचा मुलगा, सरांचा शब्द झेलणारा. मागे कोकिळाताई, गेल्या वर्षीच पोहायला शिकलेल्या. त्यांचा नवरा रघू टॉवेल धरून उभा.

"काय गो, मांडव्याच्या जेट्टीवरच उतरतेस काय? चाय तिकडं आणू?"

"गप उभे ऱ्हावा! वळून आले का महिनाभर भांडी तुमची."

पाण्यावर धुकं होतं. ओहोटी लागली तशी गोणीची शिवण उसवली. वाळू मुठीमुठीने सांडू लागली. दोरातून मला ते कळत होतं, पण मला तोंड नाही. मग तळ सुटला आणि मी सरकू लागलो, खोल पाण्याकडे. आवाज नाही, लाट नाही.

आणि ते सगळे माझ्यामागे येऊ लागले. डोकं वर काढत, मला बघत, पुन्हा पाण्यात. मी लांब जात होतो आणि ते आणखी जोराने हात मारत होते.

कोकिळाताई मात्र नवरा हसतोय का ते सारखं मागे वळून बघत होत्या. एकदा बघितलं तर रघू बोटाएवढा! "अरं, बोया चाल्लाय! फिरा मागं!" जवळचे फिरले, तिरके पोहत कसेबसे किनाऱ्याला लागले. रघू होडीवाल्यांकडे धावला. शुभमचे कान पाण्यात होते.

त्याने मला गाठलं. त्याचा गार हात माझ्यावर पडला. धर, सोडू नको, मी मनात ओरडलो. त्याने शिकवल्याप्रमाणे हात लावला आणि तो वळला. समोर किनारा नव्हता, नुसतं पांढरं होतं. त्याचे हात बराच वेळ वाजत राहिले. मग तेही थांबले.

दुपारी होडीवाल्यांना मी खांदेरी बेटाच्या बाजूला सापडलो. "बोयाच हाय," एक जण म्हणाला. "पोर न्हाय."

मित्रांनो, पाण्यात दमलात, वाट चुकलात, तर जे तरंगतं ते धरून राहा. शर्यत राहू द्या. आणि बोया बांधणाऱ्यांनो, आधी गोणी तपासा.

आता मी कोकिळाताईंच्या पडवीत असतो, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं ऐकतो. नांगर ओढायची सरांची एक खेप वाचली; ते सध्या दुसऱ्या गावी शिकवतात. ताई मला वळसा घालून आल्या नाहीत, पैज हरल्या, तरी भांडी रघूच घासतो. त्या खेपेची किंमत चुकती केली ती शुभमच्या वडिलांनी. दर रविवारी पहाटे ते ट्रक वाळूपाशी लावतात आणि उजाडेपर्यंत दिवे समुद्राकडे चालू ठेवतात.