दिरांच्या फोटोवरचा दिवा

आमच्या फ्रीजदुरुस्तीच्या ऑफिसात सगळ्यात हुशार कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. माझे थोरले दीर ते स्वतःच सांगतात. ऑफिस नवं केलं तेव्हा इलेक्ट्रिशियनला बाजूला सारून वायरिंगची आखणी त्यांनीच केली. भिंतीवर लोंबणारी वायर त्यांना खपत नाही. म्हणून विजेची, फोनची, जी हाताला लागेल ती वायर त्यांनी झाकणाच्या एकाच पोकळ पट्टीत कोंबली आणि आल्यागेल्याला ती पट्टी दाखवत टेंभा मिरवला. केबिनमध्ये स्वतःचा माईक धरलेला फोटो टांगला. त्यावर कमीजास्त करता येणारा दिवा लावला आणि तो कायम मंद ठेवला. मंद उजेडात आपण विचारवंत दिसतो, असं त्यांचं मत.

तेव्हापासून माझ्या टेबलावरचा फोन घरघरायला लागला. गिऱ्हाईक पत्ता सांगतंय आणि मध्येच घर्रर्र. मी पुन्हा पुन्हा विचारून घ्यायचे, तरी मेकॅनिक भलत्याच गल्लीत जाऊन उभा राहायचा.

"तुझे कान तपासून घे," दीर सगळ्यांदेखत म्हणाले. "नाहीतर उद्यापासून माझ्या मेव्हणीला बसवतो फोनवर."

त्या घरात आणि त्या ऑफिसात मिळून माझी म्हणावी अशी एवढी एकच खुर्ची होती. गिऱ्हाइकं माझा आवाज ओळखायची, 'ताई, तुम्हीच पाठवा माणूस' म्हणायची. ती खुर्ची मी सुखासुखी सोडणार नव्हते.

मग फोनवाला आला. हा दुसरा महापंडित. त्याने आधी दिरांचा चेहरा वाचला, मग फोनकडे पाहिलं. सेट जुना झालाय म्हणाला. नवा बसवला, तोही घरघरला. भिंतीवरचा फोनचा डबा बदलला, घरघर तशीच. शेवटी "बाहेरूनच येतंय, साहेब," म्हणून त्याने हात झटकले, आणि दोघं चहा पीत बसले.

माझ्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. दीर बाहेर असले की फोन स्वच्छ. ते आले, केबिनमधला दिवा लागला, की घरघर सुरू. ते जेवायला गेले तेव्हा मी दिव्याचं बटण फिरवून पाहिलं. मंद केला की घरघर, विझवला की बंद. स्टुलावर चढून पट्टीचं झाकण काढलं, तर दिव्याची वायर आणि माझ्या फोनची वायर एकमेकींना चिकटून, दिरांनी स्वतः आवळलेल्या प्लास्टिकच्या गाठींत बसलेल्या.

दीर फोनवाल्याला घेऊनच परतले, तेव्हा मी ते सांगितलं.

"दिव्याचा आणि फोनचा काय संबंध?" दीर हसले. म्हणून फोनवालाही हसला.

"मग ह्यांनाच ऐकू दे," मी म्हटलं आणि शेजारच्या टेबलावरून नवऱ्याला उठवलं. रिसीव्हर त्याच्या कानाला लावला. घरघर मला लांबूनही ऐकू येत होती. मग मी केबिनमध्ये जाऊन दिवा विझवला. "अहो, आता येतोय आवाज?"

नवऱ्याने थोरल्या भावाकडे पाहिलं. दीर भुवया उंचावून वाट बघत होते.

"येतोय गं," नवरा म्हणाला. "थोडा येतोय अजून."

मी त्याच्या हातातला रिसीव्हर ओढून कानाला लावला. इतकी स्वच्छ लाईन त्या ऑफिसात मी कधी ऐकली नव्हती. दिरांनी उठून दिवा पुन्हा लावला आणि तिथूनच मेव्हणीला बोलावणं धाडलं.

संध्याकाळी घरी आल्यावर नवरा चपला काढता काढता हळूच म्हणाला, "लाईन साफ होती गं. मला कळलं होतं. पण सगळ्यांदेखत दादाला खोटं कसं पाडायचं?"

दिरांचा मला राग यायचा. ह्याची किळस आली. सगळ्यांदेखत मला बहिरी ठरवताना ह्याची जीभ जराही अडखळली नव्हती. मी त्याची उशी उचलली, बाहेरच्या खोलीत टाकली आणि आतून कडी लावून घेतली.